राघोजी भांगरे दरोडेखोर की क्रांतिकारक? लहान मुलांना हा इतिहास कसा शिकवायचा?

अमेरिकेत कोलंबसची १४९२ ची सफर शिकवताना अनेक शिक्षक आता विचारतात, तिथे आधीपासून राहणाऱ्या लोकांचं म्हणणं काय होतं?

हाच प्रश्न अहिल्यानगरच्या अकोले तालुक्यातही विचारता येतो. देवगावचे महादेव कोळी नाईक राघोजी भांगरे यांनी इंग्रज आणि सावकारांविरुद्ध बंड केलं. २ मे १८४८ रोजी ठाण्याच्या तुरुंगात त्यांना फाशी झाली. इंग्रजांच्या लेखी ते दरोडेखोर होते, तर इथल्या आदिवासींसाठी ते आद्य क्रांतिकारक आहेत.

मग मुलांना काय सांगायचं?

दोन्ही बाजू सांगायच्या, पण तीन प्रश्नांसह. हे कोणी सांगितलं? कोणासाठी? यात कोणाचा आवाज नाही? सावकारावरचा हल्ला पोलिसांच्या कागदावर गुन्हा म्हणून येतो. त्यामागचं कर्ज, गेलेली जमीन आणि नाईकांचे काढून घेतलेले हक्क मात्र शोधावे लागतात. गावातल्या गोष्टींनाही हेच प्रश्न लावायचे.

एवढं कशासाठी?

वर्गातलं आदिवासी मूल फक्त ‘दरोडेखोर’ हा शब्द ऐकून घरी गेलं, तर ते आपल्याच माणसांबद्दल काय शिकेल?