कवचातील कार्बनची साक्ष

किनाऱ्यापासून दूर, भर महासागरात, समुद्रतळावरचा गाळ हजार वर्षांत जेमतेम एक-दोन सेंटिमीटर वाढतो आणि अनेक ठिकाणी त्याचा मोठा हिस्सा मातीचा नसून कवचांचा असतो. फोरामिनिफेरा नावाचे एकपेशीय जीव पाण्यातील कॅल्शियम आणि विरघळलेला कार्बन घेऊन कॅल्शियम कार्बोनेटचे, म्हणजे चुनखडीच्याच द्रव्याचे, वाळूच्या कणाएवढे कवच बांधतात. त्यांच्या काही जाती पृष्ठभागाजवळ तरंगत जगतात, तर काही तळावर किंवा तळाच्या गाळात. कवच ज्या पाण्यात घडले त्या पाण्याची नोंद त्यातील कार्बन आणि ऑक्सिजन या दोन मूलद्रव्यांत राहते. मात्र या दोन नोंदी एकाच गोष्टीच्या नाहीत, आणि प्राचीन समुद्राच्या तापमानाविषयी बोलताना नेमका हाच भेद हरवतो. तापमान कळते ते ऑक्सिजनवरून. कार्बनवरून कळते ते हे, की तापमान बदलत असताना पृथ्वीवरील कार्बन कोठून निघून कोठे चालला होता.

एकाच मूलद्रव्याच्या, पण वेगवेगळ्या वजनाच्या अणूंना समस्थानिके म्हणतात. ऑक्सिजनची १६ आणि १८ वस्तुमानाची समस्थानिके या कामी येतात. पाणी जितके थंड तितका जड ऑक्सिजन कवचात अधिक जातो, हे हॅरल्ड युरी यांनी १९४७ साली सैद्धांतिक गणिताने मांडले, आणि १९५५ मध्ये चेझारे एमिलियानी यांनी समुद्रतळाच्या गाळावर ती पद्धत वापरून हिमयुगांतील चढउतार रेखाटले. एक अंश तापमानवाढीमागे कवचातील जड ऑक्सिजनचे प्रमाण साधारण पाव दरहजारीने घटते. अडचण अशी, की हलका ऑक्सिजन असलेले पाणी अधिक सहजपणे वाफ होऊन ध्रुवीय बर्फात अडकते, समुद्र आपोआप जड होतो आणि कवचातील बदल थंडीचा की बर्फाचा हे सांगणे अवघड होते. एमिलियानींना दिसलेल्या चढउताराचा मोठा भाग बर्फाचा होता, हे निकोलस शॅकलटन यांनी १९६७ मध्ये दाखवून दिले.

कार्बनची गोष्ट निराळी आहे. निसर्गातील कार्बनपैकी सुमारे ९९ टक्के अणू १२ वस्तुमानाचे आणि जेमतेम एक टक्का १३ वस्तुमानाचे असतात. ही दोन्ही समस्थानिके स्थिर असून, काळ मोजण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या किरणोत्सारी कार्बन-१४ शी त्यांची गल्लत करू नये. प्रकाशसंश्लेषणात वनस्पती हलका कार्बन पसंत करतात, त्यामुळे सेंद्रिय द्रव्यात जड कार्बन कमी राहतो. हा फरक एका ठरीव प्रमाणाशी तुलना करून दरहजारीत सांगतात, आणि ते प्रमाण मुळात दक्षिण कॅरोलायनातील पी डी थरांत सापडलेल्या एका जीवाश्मावरून घेतलेले होते. त्या मोजपट्टीवर समुद्रात विरघळलेला कार्बन शून्याच्या आसपास, ज्वालामुखीतून येणारा उणे ५ ते उणे ७, सेंद्रिय द्रव्य उणे २५ च्या जवळपास, आणि सूक्ष्मजीवांनी तयार केलेला मिथेन उणे ६० किंवा त्याहूनही खाली असतो. म्हणजे कार्बन आपल्या उगमाची खूण सोबत बाळगतो, आणि समुद्रात हलक्या कार्बनचा लोंढा आला तर त्या काळी घडलेली कवचे ते सांगतात.

या दोन साक्षी एकत्र वाचण्याचे सर्वांत बोलके उदाहरण ५ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचे आहे. अंटार्क्टिकाजवळच्या वेडेल समुद्रातील मॉड राइज या उंचवट्यावर १९८७ साली जॉयडिस रेझोल्यूशन या जहाजाने घेतलेल्या ६९० क्रमांकाच्या विंधनातील गाळ जेम्स केनेट आणि लोवेल स्टॉट यांनी तपासला व १९९१ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्या गाळात एका अरुंद पट्ट्यात ऑक्सिजन आणि कार्बन, दोन्हींची प्रमाणे एकाच वेळी कोसळलेली होती. ध्रुवांवर तेव्हा मोठे हिमस्तर नव्हतेच, म्हणून ऑक्सिजनचे वाचन तुलनेने सरळ होते : खोल समुद्राचे पाणी सुमारे ५ अंशांनी तापले होते. कार्बनची घसरण तळवासी कवचांत सुमारे अडीच दरहजारी, तर पृष्ठभागाजवळच्या काही कवचांत त्याहून मोठी होती. याच सुमारास खोल समुद्रातील तळवासी फोरामिनिफेराच्या ३० ते ५० टक्के जाती नष्ट झाल्या. १९९२ मध्ये वायोमिंगमधील बिगहॉर्न खोऱ्यातल्या प्राचीन मातीच्या चुनखड्यांत आणि सस्तन प्राण्यांच्या दातांच्या आवरणात हीच घसरण आढळली, आणि समुद्राबरोबर हवेचाही कार्बन बदलला होता हे स्पष्ट झाले. या घटनेला पॅलिओसीन-इओसीन उष्मा-शिखर म्हणतात.

एवढा हलका कार्बन आला कोठून? येथे साधे मिश्रणाचे गणित उपयोगी पडते. समुद्र आणि हवा यांत तेव्हा आजच्यासारखाच अंदाजे ४० हजार अब्ज टन कार्बन होता असे धरले, तर संपूर्ण साठा अडीच दरहजारीने खाली आणण्यास मिथेन सुमारे १,७०० अब्ज टन पुरतो, सेंद्रिय कार्बन सुमारे ४,४०० अब्ज टन लागतो, आणि निव्वळ ज्वालामुखीचा कार्बन असेल तर आकडा २५ हजारांच्या पुढे जातो. जेरल्ड डिकन्स आणि सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये मिथेनचा पर्याय मांडला तो याच हिशोबाच्या बळावर : समुद्रतळाच्या थंडीत आणि दाबाखाली मिथेन बर्फाच्या जाळीत कोंडलेला असतो, आणि तळ तापला तर तो मोकळा होतो. ही कल्पना देखणी होती; पण कार्बनची घसरण एकटीच घेतली तर तिच्यातून उगम आणि परिमाण या दोन अज्ञात राशी एकदम सुटत नाहीत, ही तिची मूलभूत मर्यादा आहे.

दुसरी मर्यादा गाळाचीच. तळावरचे किडे गाळ उकरत राहतात आणि आधीची व नंतरची कवचे एकमेकांत मिसळतात, त्यामुळे अनेक कवचांचा एकत्रित नमुना घेतला तर अचानक झालेला बदलही सावकाश घडल्यासारखा दिसतो. डेबोरा थॉमस आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये त्याच मॉड राइजची कवचे एकेक करून मोजली, तेव्हा ती आधीची किंवा नंतरची अशीच निघाली, मधल्या मूल्यांची जवळजवळ नव्हतीच. शिवाय पृष्ठभागाचे पाणी कार्बनच्या घसरणीच्या थोडे आधीच तापू लागल्याचे दिसले. अशा कामात सूक्ष्मदर्शकाखाली ओलसर कुंचल्याच्या टोकाने कवचे वेचावी लागतात आणि तासन्‌तास बैठक मारावी लागते. गोव्यात दोना पावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतही फोरामिनिफेरांच्या आधारे अरबी समुद्राचा आणि मोसमी वाऱ्यांचा इतिहास वाचला जातो.

परिमाणाविषयीचा पुरावा दक्षिण अटलांटिकमधून आला. २००३ साली वॉल्विस रिजच्या उतारावर निरनिराळ्या खोलींवर विंधने घेतली गेली, आणि त्या सर्वांत फिकट, चुनकट गाळाच्या मध्येच तांबूस मातीचा थर आढळला. समुद्रात शिरलेल्या कार्बन डायऑक्साइडमुळे पाणी आम्लधर्मी होऊन कवचे विरघळली होती, आणि ज्या खोलीखाली कवचे टिकत नाहीत ती सीमा दोन किलोमीटरहून अधिक वर सरकली होती, असे जेम्स झाकोस आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये मांडले. एवढ्या विरघळण्याला दोन हजार अब्ज टन पुरत नाहीत. पुढे २०१७ मध्ये मार्कस गुटयार आणि सहकाऱ्यांनी कवचांतील बोरॉनच्या समस्थानिकांवरून पाण्याची आम्लता काढली, तिची कार्बनच्या घसरणीशी सांगड घातली, आणि एकूण कार्बन दहा हजार अब्ज टनांहून अधिक व मुख्यतः उत्तर अटलांटिकमधील ज्वालामुखी उद्रेकांशी निगडित असल्याचा निष्कर्ष काढला. मिथेनचा थोडाबहुत वाटा त्यामुळे पूर्णपणे नाकारला जात नाही.

कार्बनची मूल्ये पूर्ववत होण्यास दीड ते दोन लाख वर्षे गेली. तापलेल्या, ओल्या हवेत जमिनीवरचे सिलिकेट खडक अधिक वेगाने झिजले, नद्यांनी त्यांतील कॅल्शियम समुद्रात नेले, काही कार्बन सेंद्रिय द्रव्याच्या रूपाने गाडला गेला, आणि वॉल्विस रिजवर त्या तांबूस थराच्या वर पुन्हा कवचांचा फिकट गाळ साचू लागला.