पर्यावरणाच्या पदवीतून काय मिळावे? चेन्नईचा धडा

सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली पर्यावरण हा विषय शिक्षणात सक्तीचा करण्याचे निर्देश दिले. पुढे हा विषय सर्वत्र शिकविला जाऊ लागला. मात्र या विषयाची पदवी घेणाऱ्याला नेमके काय यायला हवे, याचे उत्तर पाठ्यपुस्तकापेक्षा चेन्नई शहरात अधिक स्पष्टपणे सापडते.

डिसेंबर २०१५ मध्ये चेन्नई महापुरात बुडाले. २०१९ च्या उन्हाळ्यात त्याच शहराचे पूंडी, चोळवरम, पुळल आणि चेंबरंबाक्कम हे चारही प्रमुख जलाशय जवळपास कोरडे पडले आणि जुलैमध्ये जोलारपेट येथून रेल्वेने पाणी आणावे लागले. येथे वर्षाला सरासरी सुमारे १,४०० मिलिमीटर पाऊस पडतो. त्यातील मोठा वाटा ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात मोजक्या दिवसांत कोसळतो. हे पाणी सामावून घेणारी तळी आणि पाणथळ जागा आक्रसल्या, की ते आधी घरांत शिरते आणि नंतर समुद्रात वाहून जाते. पूर आणि टंचाई यांचे मूळ अशा रीतीने बऱ्याच अंशी एकच ठरते.

दक्षिण चेन्नईतील पळ्ळिकरणै पाणथळ हे याचे ठळक उदाहरण. आसपासच्या तलावांचे जादा पाणी येथे जमते आणि ओक्कियम मडुवू व बकिंगहॅम कालव्यातून कोवलमजवळ समुद्राला मिळते. या पाणथळीचा काही भाग पेरुंगुडीच्या कचराभूमीने व्यापला, तर बराचसा भाग रस्ते आणि इमारतींखाली गेला. उरलेल्या सुमारे १,२४८ हेक्टर क्षेत्राला २०२२ मध्ये रामसर स्थळाचा दर्जा मिळाला.

ही कथा केवळ जलशास्त्राने उलगडत नाही. त्यासाठी भूजल मोजता यावे, जुने नकाशे आणि जमिनीच्या नोंदी वाचता याव्यात, किनारपट्टी व पाणथळ जागांविषयीचे नियम ठाऊक असावेत, तसेच मच्छीमार आणि कचरावेचकांचे म्हणणे ऐकण्याची सवय असावी. ही सर्व सूत्रे एकत्र जोडण्याची क्षमता हीच या पदवीची खरी कमाई होय.

याला व्यावहारिक महत्त्वही आहे. २००६ च्या अधिसूचनेनुसार अनेक मोठ्या प्रकल्पांपूर्वी पर्यावरणीय परिणामांचा अहवाल आवश्यक असतो आणि त्याचा खर्च प्रकल्प उभारणाराच करतो. असा अहवाल लिहिण्याचे काम उद्या याच पदवीधरांकडे येते. त्या वेळी 'येथे बांधकाम नको' हे आकडेवारीनिशी लिहिण्याचे ज्ञान आणि धैर्य त्यांच्याजवळ नसेल, तर पुढच्या पुराची किंमत सखल भागातील रहिवाशांनाच मोजावी लागेल.