कॅप्सूलची पाच मिनिटं

झोपेसाठी घ्यायच्या पूरक गोळ्यांची गेल्या काही वर्षांत जी तपासणी झाली, तिच्यातल्या अश्वगंधेच्या दोन नावाजलेल्या चाचण्यांचे संशोधक ठाणे जिल्ह्यातल्या अकलोलीच्या गरम कुंडांच्या आसपासचेच होते. पहिली २०१९ची, नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील विद्यापीठातल्या संशोधकांची. निद्रानाशाच्या ६० रुग्णांपैकी ४० जणांना रोज दोनदा ३०० मिलिग्रॅम अर्क आणि २० जणांना हुबेहूब दिसणारी पण औषध नसलेली कॅप्सूल मिळाली. दहा आठवड्यांनी झोप लागायला अर्क घेणाऱ्यांना सरासरी २९ मिनिटं लागत होती, इतरांना ३४. दुसरी २०२०ची, ठाण्यातली, १५० जणांची. सहा आठवड्यांत अर्काच्या गटाने सांगितलेली झोपेची प्रत ७२ टक्क्यांनी सुधारली. जाहिरातीला एवढा आकडा पुरतो. पण औषध नसलेल्या गटातही सुधारणा होती, २९ टक्के! २०२१मध्ये अशा पाच चाचण्या, म्हणजे ४०० माणसं, एकत्र तपासल्यावर निष्कर्ष निघाला की परिणाम आहे, पण लहान. मेलाटोनिन या झोपेच्या संप्रेरकाच्या गोळ्यांचंही तेच: २०१३च्या एकत्रित आढाव्यात झोप सुमारे सात मिनिटं लवकर लागली.

हा पुरावा खोटा नाही. माझा आक्षेप तो कशाचा गोळा झाला यावर आहे. कॅप्सूलची नक्कल करता येते आणि ती विकताही येते, म्हणून तिच्या चाचण्यांना पैसा मिळतो. तानसा नदीकाठच्या अकलोलीच्या कुंडातल्या गरम पाण्याची नक्कल कशी करणार? तरी २०१९च्याच एका आढाव्यात, निजण्याच्या एक-दोन तास आधी ४० ते ४२.५ अंशांच्या पाण्याने निदान दहा मिनिटं केलेल्या स्नानानेही झोप सुमारे दहा मिनिटं लवकर लागल्याचं दिसलं. हातापायांच्या त्वचेकडे रक्त वळतं, शरीराची आतली उष्णता बाहेर पडते आणि तापमान उतरू लागलं की झोप येते. त्यासाठी कुंडातलं गंधकाचं पाणी लागत नाही, घरची बादली चालते. कोणी म्हणेल, स्नान करणाऱ्याला आपण काय करतोय ते ठाऊक असतं, मग त्याच्या सांगण्यावर भरवसा कसा ठेवायचा? हरकत रास्त आहे, आणि माणसं वेगळी असल्याने पाच मिनिटं व दहा मिनिटं थेट ताडून पाहता येत नाहीत, हेही खरं. म्हणूनच कॅप्सूलची गाठ पोकळ कॅप्सूलऐवजी गरम पाण्याशी घालून द्यायला हवी.

‘घेतली तर बिघडतं काय’ हा युक्तिवाद मात्र टिकत नाही. २०१७मध्ये कॅनडात मेलाटोनिनची ३१ उत्पादनं तपासली, तेव्हा काहींत लेबलवरच्या मात्रेपेक्षा ८३ टक्क्यांपर्यंत कमी, तर एकात ४७८ टक्के जास्त मात्रा सापडली. अश्वगंधेमुळे यकृताला इजा झाल्याच्या नोंदीही आहेत. शिवाय रात्रपाळीवाले अशा चाचण्यांतून सहसा वगळले जातात, म्हणजे भिवंडीतल्या यंत्रमागावर रात्र काढून सकाळी उजेडात आणि खडखडाटात आडवा होणारा कामगार या आकड्यांत मोजलेलाच नाही.