मृग नक्षत्र सरकते आहे

मृग लागला की शेतकऱ्याची नजर आभाळाकडे जाते. गंमत अशी की त्या दिवसांत आभाळात मृग दिसतच नाही. 7-8 जूनला सूर्य त्या नक्षत्रात शिरतो आणि त्याच्या उजेडात ते हरवून जाते. मृग बघावा हिवाळ्यातल्या रात्री. चार कोपऱ्यांना हरणाचे चार पाय, पोटात रुतलेला तीन ताऱ्यांचा बाण आणि तो बाण सोडून आग्नेयेला लखलखत उभा असलेला व्याध.

सूर्य कोणत्या ताऱ्यांत आहे हे भर दिवसा कसे कळणार? आपल्या पूर्वजांनी पहाटे सूर्याआधी उगवणारे आणि संध्याकाळी त्याच्यामागे मावळणारे तारे टिपले. सूर्याच्या वाटेचे 27 भाग केले, एकेका भागात तो 13-14 दिवस राहतो हे ओळखले आणि पावसाळा त्यांत बसवला. म्हणून पुनर्वसूचा पाऊस तरणा, पुष्याचा म्हातारा आणि हस्ताचा हत्तीचा. छापील कॅलेंडर नसलेल्या गावालाही हा हिशेब तोंडपाठ असे.

या घड्याळात एक बारीक फरक मात्र साठत जातो. पृथ्वी विषुववृत्तापाशी किंचित फुगलेली आहे. त्या फुगवट्यावर सूर्य-चंद्राची ओढ असल्याने तिचा आस भोवऱ्यासारखा डुलतो. एका डुलण्याला सुमारे 25,800 वर्षे लागतात. याला परांचन गती म्हणतात. तिच्यामुळे सूर्याला त्याच ताऱ्यापाशी परतायला ऋतुचक्रापेक्षा सुमारे 20 मिनिटे जास्त लागतात. सुमारे 71 वर्षांत फरक एका दिवसाचा होतो. नक्षत्रे ताऱ्यांवर चालतात, पाऊस ऋतूवर. दोघांची फारकत ठरलेलीच.

ही गोष्ट सहाव्या शतकात वराहमिहिराने नोंदवली होती. पूर्वी दक्षिणायन आश्लेषाच्या मध्यावर सुरू होई, आता कर्केच्या आरंभी होते, असे 'बृहत्संहिते'त आहे. हा बदल प्रत्यक्ष निरीक्षणाने पडताळा, असेही तो सांगतो. आज दक्षिणायन सुरू होते ते सूर्य आर्द्रात शिरण्याच्या सुमारास. वराहमिहिराच्या काळी मृग लागायचा तो आजच्या तारखांनी मेच्या तिसऱ्या आठवड्यात. म्हणजे 8 जूनचा पाऊस तेव्हा आर्द्रात पडायचा आणि साडेनऊशे वर्षांनी तो रोहिणीत पडेल. याच सरकण्याच्या आधारे लोकमान्य टिळकांनी 1893 मध्ये 'ओरायन' लिहिले. वसंतसंपात मृगशीर्षात होता तो काळ हा त्यांच्या वेदकालनिर्णयाचा पाया होता. ऋतूंशी मेळ राहावा म्हणून मेघनाद साहा यांच्या समितीने सुचवलेली राष्ट्रीय दिनदर्शिका 1957 मध्ये लागू झाली. घराघरांतले पंचांग मात्र नक्षत्रांवरच राहिले.

हजार वर्षांचा हिशेब बाजूला ठेवला तरी एका माणसाच्या हयातीतही पाऊस नक्षत्राला बांधील नसतो. मुंबईत मान्सूनच्या आगमनाची सरासरी तारीख 11 जून. 2023 मध्ये तो 25 जूनला आला, म्हणजे आर्द्रात. 2025 मध्ये 26 मे रोजी, म्हणजे रोहिणीत.

मृगाचा किडा हे बरोबर ओळखतो. लाल मखमलीचा हा आठ पायांचा जीव कोळी-गोचिडांच्या कुळातला. वर्षाचा बराच काळ मातीत दडून राहतो आणि चांगला पाऊस होऊन माती भिजली की बाहेर पडतो. ती भिजली नाही, तर मृग लागूनही तो दिसत नाही.

शेतकऱ्यानेही तेच करावे. पंचांगात दिलेले नक्षत्राचे वाहन बेडूक आहे की गाढव हे आकडेमोडीने ठरते, ढगांशी त्याचा संबंध नाही. 75 ते 100 मिलिमीटर पाऊस होऊन जमिनीत पुरेशी ओल उतरल्यावरच पेरा, असा कृषी विभागाचा सल्ला असतो. नक्षत्रे जरूर पाठ ठेवा, पण मूठ सोडण्याआधी वावरातली माती उकरून ओल कुठवर गेली ते बघा.