परसातली रिंक: थर पातळ, पाणी गरम

कॅनडात थंडी पडली की घरामागच्या अंगणात स्केटिंगसाठी रिंक करायची, हा इथला जुना नाद, आणि आता माझाही! ब्रँटफर्डला वॉल्टर ग्रेट्झकींनी परसात केलेल्या अशाच रिंकवर त्यांचा मुलगा, पुढे आइस हॉकीतला दिग्गज ठरलेला वेन, हॉकी शिकला.

रिंक गोठली की खरं काम सुरू होतं. हिम पडलं की लगेच फावड्याने काढा. ते पांघरुणासारखं बसतं, खालचा बर्फ घट्ट होत नाही आणि पृष्ठभाग खडबडीत होतो. भेगांमध्ये पाणी कालवलेलं हिम दाबून भरा.

मग रात्री पाणी मारायचं. पारा उणे १० च्या आसपास आणि वारा पडलेला असेल तर फारच छान. गरम पाणी वरचा बर्फ किंचित वितळवून त्याच्याशी एकजीव होतं, स्केटचे चरे बुजतात. एकदम जाड थर ओतला तर वर नुसता पापुद्रा धरतो आणि पातं आत घुसतं.

वाळकं पान दिसताक्षणी उचला. गडद रंग ऊन शोषतो, पान हळूहळू खाली उतरतं आणि पानाच्याच आकाराचा खड्डा पडतो.

आणि हो, विल्फ्रिड लॉरिए विद्यापीठातल्या भूगोलतज्ज्ञांनी २०१३ मध्ये सुरू केलेला ‘रिंकवॉच’ उपक्रम जरूर पाहा. बदलत्या हिवाळ्याच्या अभ्यासासाठी त्यात घरगुती रिंकवाल्यांच्याच नोंदी वापरतात.