एका स्कॉटिश आडनांवाची कुळकथा

गेल्या पावसाळ्यांत इतिहासाच्या तासास आडनांवांचा विषय निघाला असतां मागच्या बाकावरील एका मुलानें उठून विचारलें, "सर, एल्फिन्स्टन कॉलेजचा एल्फिन्स्टन आणि एल्फिन्स्टन रोड स्टेशनचा एल्फिन्स्टन हे एकच काय?" वर्गांत हंशा पिकला. मी मात्र हंसलों नाहीं. कारण हा घोटाळा पुष्कळ शहाण्या माणसांचाही होतो. तास संपल्यावर तोच मुलगा जवळ येऊन हळूच म्हणाला, "सर, त्यांच्या घराण्यांना ढाली असतात, चिन्हें असतात. आमचें आडनांव म्हणजे नुसतें गांवाचें नांव!" त्या दिवशीं घाईंत जें उत्तर मीं अर्धवट दिलें, तें आज येथें सविस्तर देत आहें.

प्रथम ही गोष्ट ध्यानांत ठेवावी कीं, एल्फिन्स्टन हें आडनांवही मुळांत गांवाचेंच नांव आहे. स्कॉटलंडची राजधानी एडिंबरो. तिच्या पूर्वेस ईस्ट लोदियन नांवाचा प्रांत असून त्यांत ट्रॅनेंट गांवाजवळ एल्फिन्स्टन म्हणून एक खेडें आहे. तेथील जमिनीचे धनी तेराव्या शतकांतील दस्तऐवजांत 'एल्फिन्स्टनचा अमुक' अशा रीतीनें नांव लिहीत. निंबळकचे ते निंबाळकर झाले, त्यांतलाच हा प्रकार होय. नांवाच्या शेवटीं 'स्टोन' म्हणजे दगड आहे असें इंग्रजी शिकणाऱ्यास वाटतें, पण तो केवळ भास आहे. जुन्या इंग्रजींत 'टून' म्हणजे वाडी किंवा वस्ती. एखाद्या माणसाच्या नांवापुढें षष्ठीचा 'स' आणि त्यापुढें 'टून' येऊन हा शब्द बनला असावा, असें जाणते मानतात. म्हणजे आपल्याकडे 'अमक्याची वाडी' म्हणतात, तसेंच हें झालें. या खेड्यांत पंधराव्या शतकांत बांधलेला एक उंच बुरूज होता. पुढें आसपासच्या कोळशाच्या खाणींमुळें जमीन खचून त्याचा बराचसा भाग पाडावा लागला. बुरूज पडला, नांव मात्र राहिलें.

आतां ढालीकडे वळूं. बाराव्या शतकाच्या सुमारास युरोपांतील सरदार लढाईंत सर्व अंग चिलखतानें व तोंड शिरस्त्राणानें झांकून घेऊं लागले. त्यामुळें आपला कोण व परका कोण हें ओळखेना. म्हणून प्रत्येकानें आपल्या ढालीवर दुरून दिसेल अशी एक ठळक खूण रंगविली. पुढें ती खूण बापाकडून मुलाकडे येऊं लागली आणि तिचें एक शास्त्रच बनलें. या शास्त्रांत सोनेरी व रुपेरी यांना 'धातु' म्हणतात. तांबडा, निळा, काळा, हिरवा इत्यादिकांस 'रंग' म्हणतात. रंगावर रंग व धातूवर धातु ठेवूं नये हा मुख्य नियम. त्याचें कारण अगदीं साधें आहे: काळ्यावर निळें काढलें तर धुळींत व धांवपळींत तें दिसणार कसें?

एल्फिन्स्टन घराण्याच्या प्रमुखाची ढाल या नियमाचा उत्तम नमुना आहे. तिची भूमि रुपेरी. तिच्या मधोमध घराच्या छपरासारखी वर टोंक असलेली एक काळी कोनी पट्टी. पट्टीच्या वर दोन व खालीं एक अशीं रानडुकरांचीं तीन तांबडीं मस्तकें. तीं सुरीनें सरळ कापलेलीं नसून उपटून काढल्याप्रमाणें त्यांच्या मानेची कड दांतेरी असते. रानडुक्कर हें जनावर जखमी झालें तरी पळत नाहीं, उलट चालून येतें. म्हणून कित्येक स्कॉटिश घराण्यांना तें प्रिय होतें. ढालीच्या वरच्या बाजूस शिरोभूषण म्हणून तांबडीं वस्त्रें ल्यालेली एक स्त्री कमरेपासून वर दाखविलेली असून तिच्या उजव्या हातांत किल्ला व डाव्या हातांत लॉरेलची डहाळी आहे. घराण्याचें ब्रीद 'कॉज कॉझिट' असें दोनच शब्दांचें आहे. त्याचा अर्थ 'कारणानें हें घडविलें' असा होतो.

येथें पुष्कळांची एक चुकीची समजूत दूर केली पाहिजे. बाजारांत आडनांव सांगितलें कीं त्या 'आडनांवाची ढाल' रंगवून विकणारीं दुकानें असतात. परंतु स्कॉटलंडच्या कायद्याप्रमाणें ढाल आडनांवाची नसते. ती एका विशिष्ट व्यक्तीची मालमत्ता असते. एडिंबरो येथें लॉर्ड लायन नांवाचा अधिकारी आहे व १६७२ सालच्या कायद्यानें सर्व ढालींची नोंदवही ठेविली जाते. बापाची ढाल जशीच्या तशी वारसास मिळते. धाकट्या मुलांस तींत कांहीं फरक, उदाहरणार्थ भोंवतालीं एखादी किनार, करून घेऊन नोंद करावी लागते. अधिकार नसतां दुसऱ्याची ढाल वापरणें हा तेथें गुन्हा आहे. तेव्हां केवळ नांव सारखें म्हणून मान सारखा, असें त्या देशांतही कोणी मानीत नाहीं.

आतां या नांवाचीं माणसें पाहूं. बिशप विल्यम एल्फिन्स्टन यांनीं १४९५ सालीं अ‍ॅबर्डीन येथें विद्यापीठ स्थापिलें. स्कॉटलंडमध्यें छापखाना आला तो १५०७ सालच्या राजाज्ञेनें. त्यामागें याच विद्वानाची खटपट होती. अलेक्झांडर एल्फिन्स्टन यांस १५१० सालीं 'लॉर्ड' ही पदवी मिळाली आणि तीनच वर्षांनीं, १५१३ त, ते फ्लॉडनच्या रणांगणावर आपल्या राजाबरोबर पडले.

अकराव्या लॉर्डाचे चौथे चिरंजीव ते माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन. ते पुण्यास पेशव्यांच्या दरबारीं रेसिडेंट होते आणि १८१८ सालीं पेशवाई बुडविण्यांत त्यांचा मोठा हात होता, हें मराठी वाचकानें विसरूं नये. पुढें १८१९ ते १८२७ पर्यंत ते मुंबईचे गव्हर्नर झाले व देशी लोकांच्या शिक्षणास त्यांनीं पाठबळ दिलें. ते जाण्यास निघाले तेव्हां मुंबईकरांनीं वर्गणी करून त्यांच्या नांवें शिक्षणाचा निधि उभारला; एल्फिन्स्टन कॉलेजचें मूळ त्यांत आहे. हिंदुस्थानचें गव्हर्नर जनरलपद देऊं केलें असतां त्यांनीं तें नाकारलें. स्टेशनचे एल्फिन्स्टन मात्र निराळे. ते यांचे पुतणे, तेरावे लॉर्ड जॉन एल्फिन्स्टन. ते १८५३ ते १८६० पर्यंत मुंबईचे गव्हर्नर होते. कोटांतील एल्फिन्स्टन सर्कलही त्यांच्याच नांवाचें. सर्कल आज हॉर्निमन सर्कल म्हणून ओळखलें जातें, आणि स्टेशनचें नांव २०१८ सालीं प्रभादेवी झालें.

याच घराण्यांतील तिसरी व्यक्ति जनरल विल्यम एल्फिन्स्टन, माउंटस्टुअर्ट यांचे चुलतबंधु. १८४२ च्या जानेवारींत काबूलहून माघार घेणाऱ्या सुमारें १६,००० माणसांचा जथा त्यांच्या हाताखालीं होता. त्यांत लढवय्ये थोडे आणि हिंदी नोकरचाकर, बायका व मुलें फार. बर्फानें व घाटांतील गोळ्यांनीं तो जवळजवळ सगळा नष्ट झाला. आजारी व अनिश्चयी सेनापति स्वतः शत्रूच्या कैदेंत वारले. रुपेरी भूमीवरील तीन रानडुकरांनीं त्या बर्फांत कोणाचेंही रक्षण केलें नाहीं.

माझ्या त्या विद्यार्थ्यास मी आतां पूर्ण उत्तर देतों. बाळ, एकच आडनांव विद्यापीठ स्थापणाऱ्याचें होतें आणि सैन्य गमावणाऱ्याचेंही होतें. नांवानें यांपैकीं एकही गोष्ट केली नाहीं; ती माणसांनीं केली. ढाल ही केवळ ओळखीची खूण, आणि तुझें आडनांवही तशीच खूण आहे: तुझे पूर्वज कोणत्या मातींत राबले, हें तें सांगतें. येत्या सुटींत घरच्या वडील माणसांजवळ बसून त्या गांवाची माहिती विचार, व ती वहींत लिहून ठेव. ज्या घराण्याची नोंद कोणा लॉर्ड लायननें ठेविली नाहीं, त्याची नोंद त्याच्या मुलांनींच ठेवावयाची असते.