द्राक्षवेलीच्या डोळ्यांचा सुप्तावस्था-भंग : एक विवेचन

प्रस्तावना :
पदवी वर्गास वनस्पतींची सुप्तावस्था शिकविताना द्राक्षवेलीचे उदाहरण दिले जाते ते समशीतोष्ण प्रदेशातले. नाशिक-सांगलीकडील विद्यार्थ्याने मात्र आपल्या बागेतील वेल हिवाळ्यात निष्पर्ण झालेली पाहिलेलीच नसते. प्रस्तुत लेखात या दोन्ही परिस्थितींचा एकत्र विचार केला आहे.

काडीवरील प्रत्येक डोळा हा संयुक्त असतो. त्यात सामान्यतः तीन कळ्या असतात व मधली प्रमुख असते. उन्हाळ्यात हा डोळा फुटत नाही, कारण वाढता शेंडा त्याला दाबून ठेवतो. शेंडा खुडल्यास तो फुटू शकतो. दिवस लहान होऊ लागले की अडथळा डोळ्याच्या आतच निर्माण होतो. अ‍ॅब्सिसिक आम्ल साचते, पेशींना जोडणाऱ्या सूक्ष्म नलिका कॅलोजने बंद होतात, आणि अशी काडी उबदार खोलीत ठेवली तरी लवकर फुटत नाही. खरी सुप्तावस्था ती हीच.

ती मोडण्याचे काम थंडी करते. साधारण ०° ते ७° सेल्सिअस तापमानाचे तास मोजण्याची पद्धत रूढ आहे. सफरचंदाच्या मानाने द्राक्षाची गरज कमी असते. थंडीने अ‍ॅब्सिसिक आम्लाचे विघटन होते, जिबरेलिनचा प्रभाव वाढतो व कॅलोज विरघळून नलिका खुल्या होतात. तरीही डोळा लगेच फुटत नाही. आता त्याला फक्त उबेची प्रतीक्षा असते व त्यासाठी १०° सेल्सिअस ही आधाररेषा मानली जाते. माती तापली की मुळांच्या दाबाने रस वर चढतो आणि छाटलेल्या टोकांतून ठिबकतो. फ्रेंच बागायतदार याला वेलीचे रडणे म्हणतात.

महाराष्ट्रात एवढी थंडी मिळत नाही. येथे एप्रिलमध्ये खरड छाटणी होते, त्यानंतरच्या काडीच्या डोळ्यांत घडनिर्मिती होते आणि ऑक्टोबरच्या सुमारास फळछाटणी केली जाते. सुप्तावस्था उथळ असली तरी छाटणीनंतर टोकाचे एक-दोन डोळेच जोमाने फुटतात, खालचे मागे राहतात. म्हणून डोळ्यांवर हायड्रोजन सायनामाइडचे पेस्टिंग केले जाते. हे रसायन कॅटॅलेज विकरास रोखते. परिणामी डोळ्यात हायड्रोजन पेरॉक्साइड वाढते, श्वसन विस्कळीत होते आणि थंडीने घडणारे बरेचसे बदल काही दिवसांत घडून येतात. याला थंडीची नक्कल म्हणण्यापेक्षा डोळ्यास दिलेला धक्का म्हणणे प्रस्तुत लेखकास अधिक योग्य वाटते.

हा धक्का मजुरालाही बसतो. सायनामाइड त्वचेस व डोळ्यांस इजा करते. शिवाय ते शरीरातील अल्कोहोलच्या चयापचयात अडथळा आणते. कामाच्या आधी वा नंतर मद्य घेतल्यास चेहरा लाल होणे, उलटी, छातीत धडधड अशी लक्षणे दिसतात. युरोपीय संघाने २००८ मध्ये या रसायनास मान्यता नाकारली. आपली निर्यातक्षम द्राक्षे मुख्यतः त्याच बाजारपेठेत जातात, हे येथे नमूद करावेसे वाटते.

महाविद्यालयीन प्रात्यक्षिकात या रसायनाची मुळीच गरज नाही. काडीचे एक-एक डोळ्याचे तुकडे करून ते २५° सेल्सिअसला पाण्यात उभे ठेवावेत. तुकडा सुटा असल्याने वरच्या डोळ्याचा दाब उरत नाही. अर्धे डोळे फुटण्यास किती दिवस लागतात, यावरून सुप्तावस्थेची खोली कळते. छाटणीपूर्वी दर पंधरवड्याने काड्या आणल्यास विद्यार्थ्यांना आपल्याच बागेचा आलेख काढता येतो.